गाणं त्यांचं, गळा पाहुण्यांचा

२०१३ च्या एप्रिलमध्ये 'गेट लकी' हे गाणं आलं आणि बघता बघता रेडिओ, मॉल, जिम, जिथे जावं तिथे ऐकू येऊ लागलं. गाण्यावर नाव होतं डाफ्ट पंकचं. चकचकीत हेल्मेट आणि हातमोजे घालून यंत्रमानवांच्या वेषात वावरणारे पॅरिसचे दोघे, एवढी त्यांची ओळख बहुतेकांना होती. साहजिकच प्रश्न यायचा, की या दोघांपैकी गातंय कोण?

दोघांपैकी कोणीच नाही. गाण्यातला मुख्य आवाज फॅरेल विल्यम्स या अमेरिकन गायकाचा आहे. ती कुरकुरीत गिटार नाइल रॉजर्सची, ड्रम ओमार हकीमचे, बास गिटार नेथन ईस्टची. मधे यंत्राच्या घशातून आल्यासारखा जो आवाज येतो, तेवढाच काय तो हेल्मेटवाल्यांचा. मग गाणं त्यांचं कसं? त्यांनी नेमकं केलं काय?

हा प्रश्न भाबडा वाटेल, पण इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा सगळा कारभार त्यात आहे. म्हणून हे गाणं ज्या अल्बममधलं, त्या 'रँडम अ‍ॅक्सेस मेमरीज'च्या आधाराने तो उलगडून पाहू. पाहुण्या गायकांना घेऊन केलेले अल्बम पुष्कळ आहेत. पण पाहुण्यांचा इतका मान ठेवणारा दुसरा अल्बम मला तरी माहीत नाही.

आधी दोन शब्दांचा घोळ मिटवू. आपल्याकडे 'डीजे' म्हटलं की मिरवणुकीतली स्पीकरची भिंत डोळ्यांसमोर येते. मूळ अर्थाने डीजे म्हणजे रेकॉर्ड लावणारा माणूस. एक गाणं संपायच्या आत त्याच लयीत दुसरं गुंफायचं आणि नाचणाऱ्यांचा पाय थांबू द्यायचा नाही, ही त्याची कला. दुसरा शब्द 'प्रोड्यूसर'. चित्रपटामुळे आपण त्याचं भाषांतर 'निर्माता' करतो आणि पैसे लावणारा शेठ समजतो. संगीतात प्रोड्यूसर म्हणजे संगीतकार, संयोजक आणि रेकॉर्डिस्ट यांचं मिश्रण. ठेका कोणता, कोणतं वाद्य कुठे येणार, आवाज किती जवळून ऐकू यावा, कुठे शांतता हवी, हे सगळं तो ठरवतो. डाफ्ट पंकचे दोघे, थॉमा बँगाल्तेर आणि गी-मान्युएल द ओमें-क्रिस्तो, हे या अर्थाने प्रोड्यूसर.

मराठी ऐकणाऱ्याला यात नवल वाटायचं कारण नाही. आकाशवाणीवर भावगीत लागण्याआधी निवेदक तीन नावं सांगायचे : गीतकार, संगीतकार, गायक. चाल बांधणारा एक आणि गाणारा दुसरा, हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. पाश्चात्त्य रॉकमध्ये उलटं चालतं. तिथे जो गातो तोच बँडचा चेहरा, आणि बहुधा गाणंही त्याचंच असतं. त्यामुळे तिकडच्या श्रोत्याला 'गाणं यांचं पण आवाज दुसऱ्याचा' हे चमत्कारिक वाटतं. आपण मात्र गाणं आधी संगीतकाराच्या नावाने ओळखायला शिकलेले. डाफ्ट पंक म्हणजे संगीतकार जोडी असं म्हटलं, की निम्मं कोडं सुटतं.

उरलेलं निम्मं असं, की या संगीताला गळा मुळात लागतोच कशाला? नाचायला ठेका पुरे. हाउस म्हणवल्या जाणाऱ्या संगीतात एका आवर्तनात चार ठोके, चारही सारखे जड, मिनिटाला साधारण १२० ते १३०. त्यावर बासचा एक छोटा तुकडा गोल गोल फिरत राहतो. क्लबमध्ये रात्री दोन वाजता यापलीकडे काही नको असतं. पण तोच तुकडा घरी, स्वयंपाक करताना ऐकला तर पाचव्या मिनिटाला कंटाळा येतो. शरीराला आवर्तन पुरतं. मनाला गुणगुणायला शब्द लागतात, आणि ते शब्द कोणाचे तरी असावे लागतात.

'गेट लकी' याच मोजमापाने ऐकून बघा. मिनिटाला ११६ ठोके, म्हणजे नेहमीच्या हाउसपेक्षा थोडं सैल, चालीत चालीत. पूर्ण गाण्यात चारच कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे स्वरांचे गट, आहेत : बी मायनर, डी, एफ शार्प मायनर, ई. मुखडा असो की अंतरा, तेच चार, त्याच क्रमाने, गोल. तबल्याच्या एकलवादनात लेहरा धरतात ना, अगदी तसं. हार्मोनियमवर एकच ओळ तासभर फिरते आणि तिच्या पाठीवर तबलजी कायदे, रेले, तुकडे मांडत जातो. इथे लेहरा यंत्राच्या शिस्तीने वाजतो आणि त्यावर मांडणी करतो गायक. खाली काहीही बदलत नसताना गाणं पुढे गेल्याचा जो भास होतो, तो फॅरेलच्या गळ्याने निर्माण केलेला आहे. अंतऱ्यात तो खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखा. मग हळूहळू वर चढतो. मुखड्यात शब्द मोजके करून तेच तेच म्हणतो. गळ्याचं काम इतकं मोठं आहे.

आणि काम इतकं मोठं असूनही या संगीताने आपल्या गायकांना, विशेषतः गायिकांना, फार वाईट वागवलं आहे. ते सांगितल्याशिवाय डाफ्ट पंकच्या अल्बमचं मोल कळणार नाही.

१९८९ मध्ये ब्लॅक बॉक्स या इटालियन गटाचं 'राइड ऑन टाइम' ब्रिटनमध्ये त्या वर्षीचं सर्वाधिक खपाचं सिंगल, म्हणजे सुटं विकलं जाणारं गाणं, ठरलं. गाण्यातला तो फाडून काढणारा आवाज लोलिआटा हॉलोवे या अमेरिकन गायिकेच्या १९८० च्या 'लव्ह सेन्सेशन'मधून उचललेला होता. तिचं नाव कुठेही नव्हतं. टीव्हीवर एक सडपातळ मॉडेल ओठ हलवत होती. मग याच गटाने मार्था वॉश या दमदार गळ्याच्या गायिकेला नमुन्यादाखल गायला बोलावलं. आपल्या स्टुडिओंत ज्याला 'डमी' म्हणतात तसं ते काम : खऱ्या गायकाला चाल समजावी म्हणून आधी कोणीतरी गाऊन ठेवायचं. तिला ठरावीक रक्कम देऊन मोकळं केलं आणि तोच आवाज अल्बमवर छापला. चेहरा पुन्हा मॉडेलचा. मग सी अँड सी म्युझिक फॅक्टरीच्या 'गॉना मेक यू स्वेट'मध्ये तेच. १९९१ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेल्या त्या गाण्याचा मुखडा मार्थाचा, व्हिडिओत दुसरीच तरुणी. कारण उघड होतं. मार्था स्थूल होती आणि कॅमेऱ्याला ती नको होती.

मार्था वॉश कोर्टात गेली. दोन्ही प्रकरणं तडजोडीने मिटली आणि तिचं श्रेय कंपन्यांना मान्य करावं लागलं. नृत्यसंगीताच्या रेकॉर्डवर गायकाचं नाव ठळक छापलं जाण्यामागे या एका बाईची चिकाटी आहे.

हे वाचताना 'महल' आठवला असेल. १९४९ च्या त्या चित्रपटातलं 'आएगा आनेवाला' रेकॉर्डवर आलं तेव्हा गायिका म्हणून नाव होतं 'कामिनी', म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं. श्रोत्यांनी रेडिओकडे पत्रांचा मारा केला, रेडिओने कंपनीकडे विचारणा केली, आणि मग लता मंगेशकर हे नाव निवेदकाच्या तोंडून लोकांना कळलं. आवाजाला नाव मिळवून देण्याची लढाई आपल्याकडे चाळीस वर्षं आधी लढली गेली होती.

आता डाफ्ट पंककडे येऊ. बँगाल्तेर आणि ओमें-क्रिस्तो पॅरिसच्या एका शाळेत १९८७ मध्ये भेटले. आधी गिटारचा बँड काढला, तो एका इंग्रजी साप्ताहिकाने 'डाफ्ट पंकी' म्हणजे वेडपट म्हणून उडवून लावला. १९९३ मध्ये त्याच शिवीचं त्यांनी नाव करून घेतलं. १९९७ चा पहिला अल्बम 'होमवर्क' खरोखरच घरच्या खोलीत बनला. त्यात 'टीचर्स' नावाचं एक गाणं आहे आणि ते गाणं म्हणजे निव्वळ एक यादी आहे. ज्यांच्याकडून आपण शिकलो त्यांची नावं एकामागून एक घ्यायची, बस. शिकागोचे, डेट्रॉइटचे, न्यू जर्सीचे, बहुतेक कृष्णवर्णीय डीजे, ज्यांच्यापैकी अनेकांची नावं बहुतेक नाचणाऱ्यांना ठाऊकही नसतील. घराण्याचा गायक मैफिलीआधी कान पकडून गुरूचं नाव घेतो, त्या जातीचं ते गाणं आहे.

त्या यादीत रोमँथनी आणि टॉड एडवर्ड्स ही दोन नावं आहेत. चार वर्षांनी, २००१ च्या 'डिस्कव्हरी' अल्बममध्ये हे दोघेही पाहुणे म्हणून आले. म्हणजे आधी नाव घेतलं, मग दारात जाऊन आमंत्रण दिलं. 'वन मोअर टाइम' हे त्यांचं जगभर गाजलेलं गाणं रोमँथनीने गायलं आहे.

या गाण्याने दोन गोष्टी समजावता येतात. पहिली, ऑटोट्यून. गायकाचा सूर थोडा इकडेतिकडे झाला तर हे सॉफ्टवेअर त्याला जवळच्या स्वरावर ओढून बसवतं. ते १९९७ मध्ये बाजारात आलं आणि ते बनवणारे अँडी हिल्डब्रँड त्याआधी ध्वनिलहरींवरून जमिनीखालचं तेल शोधण्याचं गणित करत होते. हलक्या हाताने वापरलं तर कोणाला कळतही नाही. जोर लावून वापरलं की मात्र वेगळंच काही होतं. मींड ही सलग उतरण असते. ऑटोट्यून तिच्या पायऱ्या पाडतं. सूर घसरत न जाता टपटप उड्या मारतो. रोमँथनीचा आवाज मुद्दाम असा पायऱ्यापायऱ्यांचा केला आहे. तेव्हा लोकांना हे गायकाचा अपमान केल्यासारखं वाटलं. मला तसं वाटत नाही. त्याच्या गळ्यातला आनंद त्या पत्र्यासारख्या आवाजातूनही आरपार येतो.

दुसरी गोष्ट कमी आनंदाची आहे. 'वन मोअर टाइम'मधले ते पितळी वाद्यांचे फटकारे एडी जॉन्स या गायकाच्या १९७९ च्या एका डिस्को रेकॉर्डमधून कापून पुन्हा जोडलेले आहेत. याला सॅम्पल म्हणतात. जुन्या साडीच्या तुकड्यांची गोधडी शिवावी तसं हे काम, आणि नृत्यसंगीताचा अर्धा इतिहास अशा गोधड्यांचा आहे. सॅम्पलचे पैसे रेकॉर्डचे हक्क ज्या कंपनीकडे असतात तिला जातात. एडी जॉन्सपर्यंत ते पोचलेच नाहीत आणि तो लॉस एंजेलिसमध्ये हलाखीत दिवस काढत होता, हे २०२१ मध्ये तिथल्या वृत्तपत्राने समोर आणलं. पाहुणा म्हणून बोलावलेल्या माणसाला तुम्ही भेटता, त्याच्याशी करार होतो, त्याचं नाव छापता. सॅम्पलमधल्या माणसाला कदाचित कधी पाहतही नाही. हा फरक लक्षात ठेवावा, कारण आपण ज्याच्याबद्दल बोलतोय तो अल्बम याच फरकावर उभा आहे.

'रँडम अ‍ॅक्सेस मेमरीज' या नावात संगणकाची 'रॅम' आहे आणि माणसाच्या आठवणीही. २००८ पासून सुमारे चार वर्षं तो आकार घेत होता. कल्पना थोडक्यात अशी, की सत्तरच्या दशकातल्या रेकॉर्डमधून तुकडे कापणं आता पुरे. ज्या पिढीने ते आवाज काढले, तिलाच स्टुडिओत बोलवायचं आणि नव्याने वाजवायला सांगायचं. मायकल जॅक्सनच्या 'ऑफ द वॉल'वर ड्रम वाजवणारे जॉन रॉबिन्सन आले. पूर्वी खोलीत बसून संगणकावर काम करणाऱ्या या दोघांनी लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क आणि पॅरिसचे मोठे स्टुडिओ घेतले, ध्वनिमुद्रण चुंबकीय फितीवर आणि संगणकावर एकाच वेळी केलं. १३ गाणी, सुमारे ७४ मिनिटं. त्यात दुसऱ्याच्या रेकॉर्डमधला तुकडा आहे तो फक्त शेवटच्या 'काँटॅक्ट'मध्ये. 'डूइंग इट राइट' हे पांडा बेअरने गायलेलं गाणं तेवढं पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक.

पाहुण्यांपैकी दोघांवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण अल्बमचा जीव तिथे आहे.

पहिले जॉर्जिओ मोरोडर. १९४० साली इटलीच्या डोंगराळ भागात जन्मलेले. १९७७ मध्ये म्युनिकच्या स्टुडिओत त्यांनी गायिका डोना समरसाठी 'आय फील लव्ह' केलं, जवळजवळ सगळं 'मूग' बनावटीच्या सिंथेसायझरवर, म्हणजे विजेवर सूर घडवणाऱ्या वाद्यावर. खाली घड्याळासारखं यंत्र आणि वर एका बाईचा धुक्यासारखा गळा. पुढची चाळीस वर्षं जग ज्या साच्यावर नाचलं, तो साचा हा. आता एवढ्या माणसाला बोलावल्यावर त्यांच्याकडून एखादी धून घ्यावी, असं कोणालाही वाटेल. डाफ्ट पंकने त्यांना माइकसमोर बसवलं आणि म्हटलं, तुमची गोष्ट सांगा.

खोलीत एकाहून जास्त माइक ठेवलेले पाहून मोरोडर बुचकळ्यात पडले. त्यांना सांगण्यात आलं की एक साठच्या दशकातला, एक सत्तरच्या आणि एक आजचा. आयुष्याच्या ज्या काळाबद्दल तुम्ही बोलाल, त्या काळाचा माइक वापरणार. हा फरक ऐकणाऱ्यात कोणाला कळणार, असं त्यांनी विचारलं. थॉमाला कळेल, असं उत्तर मिळालं. मोरोडरनी हा किस्सा स्वतःच पुढे सांगितला आहे.

नऊ मिनिटांच्या 'जॉर्जिओ बाय मोरोडर'मध्ये ते गात नाहीत, बोलतात. तरुणपणी जर्मनीतल्या डिस्कोंमध्ये गायचे, रात्री गाडीतच झोपायचे, मग सिंथेसायझर हा उद्याचा आवाज असणार हे कसं कळलं. बोलता बोलता ते 'क्लिक' या शब्दावर येतात. क्लिक म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या वेळी कानात वाजणारा टकटक ठोका, ज्यावर सगळे वादक आणि यंत्रं एका लयीत राहतात. आपल्याकडे टाळी-खाली हाताने दाखवतात, ते काम इथे हा ठोका करतो. श्रोत्याला तो कधी ऐकू येत नाही. इथे मात्र मोरोडर शब्द उच्चारतात आणि क्लिक वाजू लागतो, त्याच्या मागोमाग सिंथेसायझर, मग ड्रम, मग तंतुवाद्यांचा मोठा वृंद. संगीताचा एक अख्खा इतिहास वृद्ध माणसाच्या बोलण्यातून उगवताना ऐकू येतो. पाहुण्याचं नाव इथे कोपऱ्यात बारीक अक्षरांत नाही. ते गाण्याचं शीर्षकच आहे.

दुसरे पॉल विल्यम्स. हेही १९४० चे. १९७४ च्या 'फँटम ऑफ द पॅरडाइज' या चित्रपटाची गाणी त्यांची आणि त्यात त्यांनी कामही केलं. त्यात एक संगीतकार आहे, विद्रूप झालेला चेहरा धातूच्या मुखवट्यामागे लपवून यंत्रातून गाणारा. पॅरिसचे ते दोघे पोरवयात हा चित्रपट वीसहून अधिक वेळा पाहून बसले होते. हेल्मेट कुठून आलं असेल, याचा अंदाज तुम्हीच करा. ज्या माणसाने नकळत त्यांना मुखवटा दिला, त्यालाच त्यांनी अल्बममधलं सर्वांत हळवं गाणं दिलं : 'टच'. यंत्राला स्पर्शाची आठवण येते, असा त्याचा भाव. हे गाणं अडीचशेच्या आसपास वेगवेगळ्या आवाजांचे थर रचून केलं आहे, पण मधोमध सत्तरीतल्या माणसाचा विनाप्रक्रिया, किंचित थरथरता गळा ठेवला आहे. ऑटोट्यूनने त्या थरथरीच्याही पायऱ्या पाडता आल्या असत्या. त्यांनी हात लावला नाही.

याच्या बरोबर उलट 'इन्स्टंट क्रश'. द स्ट्रोक्स या रॉक बँडचा गायक ज्युलियन कासाब्लांकास, ज्याचा खरबरीत आवाज लाखोंच्या ओळखीचा, त्याचा गळा इथे व्होकोडरमधून काढला आहे. व्होकोडर समजायला आवाजाचे दोन भाग करावे लागतात. स्वर तयार होतो घशात. त्याचा 'अ', 'ई', 'स', 'म' होतो तो जीभ, ओठ, टाळू यांच्या आकाराने. व्होकोडर माणसाकडून फक्त तो तोंडाचा आकार घेतो आणि सिंथेसायझरच्या सुरावर चढवतो. पेटीला ओठ फुटावेत आणि तिने बोलावं, तसं होतं. बेल लॅबमधल्या होमर डडली यांनी १९३० च्या दशकात हे शोधलं ते संगीतासाठी नव्हे, टेलिफोनच्या तारेवरून कमी जागेत बोलणं धाडता यावं म्हणून. दुसऱ्या महायुद्धात गुप्त संभाषणासाठी ते वापरलं गेलं. म्हणजे ऑटोट्यून तेलाच्या शोधातून आलं आणि व्होकोडर टेलिफोनमधून.

तर पाहुण्या माणसाला यंत्र करायचं आणि यंत्रांच्या घरात माणसाला माणूस म्हणून गाऊ द्यायचं, हे दोन्ही एकाच अल्बममध्ये घडतं. कोणाच्या आवाजाला काय शोभेल हे ओळखणं, हेच त्या दोघांचं काम.

आता कामाच्या बाजूकडे. पाहुण्याचं गाणं बनतं कसं? सर्वसाधारण रीत अशी, की प्रोड्यूसर आधी ठेका, बास आणि कॉर्ड यांचा कच्चा ट्रॅक करून गायकाकडे पाठवतो. गायक त्यावर चाल आणि शब्द रचतो. या वरच्या थराला 'टॉपलाइन' म्हणतात. मग बरेच टेक होतात, चुकलेल्या जागी पंच मारतात, म्हणजे तेवढाच भाग पुन्हा गाऊन घेतात, आणि प्रोड्यूसर चौथ्या टेकची पहिली ओळ, सातव्याची दुसरी, असं निवडत एक सलग गाणं जोडतो. आज बहुतेक वेळा दोघे भेटतही नाहीत. गायक आपल्या घरून फाइल पाठवतो आणि झालं. डाफ्ट पंकचा आग्रह उलटा होता. फॅरेल गायला पॅरिसला गेला. खोलीत माणसं समोरासमोर असावीत, हे त्यांना हवं होतं, आणि मला वाटतं ते ऐकू येतं.

पैशाचा हिशोबही सांगायला हवा, कारण सगळे वाद तिथेच होतात. प्रत्येक गाण्यावर दोन वेगळे हक्क असतात. एक रचनेचा : शब्द आणि चाल. दुसरा ध्वनिमुद्रणाचा : तो विशिष्ट आवाज, ती विशिष्ट फीत. उद्या तुम्ही 'गेट लकी' पेटीवर वाजवून विकलं, तर रचनेच्या मालकांना पैसे द्यावे लागतील, ध्वनिमुद्रणाच्या मालकाला नाही. पाहुण्या गायकाला ठरावीक मानधन मिळतं किंवा ध्वनिमुद्रणात वाटा; आणि त्याने चाल-शब्द रचले असतील तर रचनेतही वाटा. शेवटचा भाग सर्वांत मोलाचा. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं तर रचनाकाराला पैसे मिळतात, गायकाला एक छदामही नाही. 'गेट लकी'च्या रचनेवर चार नावं आहेत : हेल्मेटमधले दोघे, फॅरेल आणि नाइल रॉजर्स. गाणारा आणि गिटार वाजवणारा दोघेही रचनाकार धरले गेले. मार्था वॉशला मिळालेल्या एकरकमी पैशांशेजारी हे ठेवून बघा. पॉल विल्यम्स तर २००९ पासून अमेरिकन रचनाकारांच्या मोठ्या हक्कसंस्थेचे, अ‍ॅस्कॅपचे, अध्यक्ष. त्यांना फसवण्याची कोणाची छाती नव्हती! आपल्याकडे गायकांना स्वामित्वधनाचा हक्क २०१२ च्या कायदादुरुस्तीने मिळाला आणि पुढच्याच वर्षी गायकांची वेगळी हक्कसंस्था उभी राहिली.

१७ मे २०१३ ला अल्बम प्रसिद्ध झाला. त्याच्या दहा दिवस आधी रोमँथनी गेला. 'टीचर्स'च्या यादीतला दुसरा, टॉड एडवर्ड्स, या अल्बममध्येही आहे; 'फ्रॅगमेंट्स ऑफ टाइम' त्याने गायलं आहे.

२६ जानेवारी २०१४ च्या ग्रॅमी सोहळ्यात अल्बम आणि 'गेट लकी' यांना मिळून पाच पुरस्कार मिळाले, त्यात वर्षातला सर्वोत्तम अल्बमही. हेल्मेटवाले बोलत नाहीत. म्हणून ते दोघे मूक उभे राहिले आणि त्यांच्या वतीने पॉल विल्यम्स बोलले. व्यसनाच्या काळात मला नसलेल्या गोष्टी दिसायच्या, ते म्हणाले. मग मी शुद्धीवर आलो आणि दोन यंत्रमानवांनी फोन करून अल्बम करायला बोलावलं. सभागृह हसलं. १९९० पासून व्यसनमुक्त असलेला तो माणूस मात्र मनापासून कृतज्ञ होता.

पुढे भूमिका फिरली. २०१६ मध्ये द वीकेंड या कॅनेडियन गायकाच्या 'स्टारबॉय'वर डाफ्ट पंकचं नाव आलं ते पाहुणे म्हणून, आणि अमेरिकेच्या यादीत ते पहिल्यांदाच पहिल्या क्रमांकावर पोचले. त्यांचं स्वतःचं 'गेट लकी' तिथे दुसऱ्या क्रमांकावर थांबलं होतं. मग २२ फेब्रुवारी २०२१ ला एक व्हिडिओ आला. त्यात वाळवंटात एक यंत्रमानव दुसऱ्याचा निरोप घेतो, पडद्यावर १९९३ ते २०२१ ही वर्षं उमटतात, आणि मागे 'टच'मधला कोरस वाजतो. जोडी संपली.

नोव्हेंबर २०२३ मध्ये हाच अल्बम पुन्हा आला, सगळे ड्रम आणि तालवाद्यं काढून. नृत्यसंगीताच्या अल्बममधून ठेकाच काढला तर उरेल काय, असं मला आधी वाटलं होतं. तो ऐकायचा असेल तर 'टच'पासून सुरू करा, हेडफोन लावून, रात्री. सुरुवातीला बिघडलेल्या यंत्राचे तुटक आवाज येतात, लांबून, एकमेकांत अडकलेले. ते विरतात. मग साध्या साथीवर पॉल विल्यम्स गायला लागतात, आणि खाली पाय ठेवायला ठेका नसल्यामुळे त्यांनी ओळ सुरू करण्याआधी घेतलेला श्वासही कानाजवळ येतो.